वैशालीचा नगारा आणि आजचा मतदार



निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मतदानाची टक्केवारी छापून येते. ती कमी असली की दोन दिवस हळहळ व्यक्त होते आणि तिसऱ्या दिवशी सारे विसरतात. कोणी कोणाला मत द्यावे हे सांगण्याचा आमचा हेतू नाही. ते ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. परंतु मत द्यायला जायचे की नाही, हा प्रश्न मात्र आम्ही खाजगी मानत नाही. तो साऱ्या समाजाचा प्रश्न आहे, आणि तथागतांच्या काळापासून तो आपल्यापुढे आहे. म्हणून या लेखाची सुरुवात आम्ही वैशाली नगरीपासून करीत आहोत.

वज्जींचे बळ कशात होते?

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी एक प्रसंग आहे. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींचे गणराज्य जिंकायचे होते. त्याने आपला महामात्य वस्सकार याला राजगृहाजवळच्या गृध्रकूट पर्वतावर भगवान बुद्धांकडे पाठविले. भगवंतांनी वस्सकाराला सरळ उत्तर दिले नाही. पाठीशी उभे राहून वारा घालणाऱ्या आनंदाला त्यांनी एकामागून एक सात प्रश्न विचारले. त्यांतील पहिला प्रश्न असा होता : वज्जी लोक वारंवार सभा भरवतात काय, आणि त्या सभांना मोठ्या संख्येने उपस्थित राहतात काय? आनंदाने होकार दिला. तेव्हा भगवंत म्हणाले की, जोवर ते असे करतील तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही.

विद्यार्थ्यांनी या प्रश्नांचा क्रम ध्यानात घ्यावा. भगवंतांनी आधी सैन्य किती, कोट किती उंच, कोठार किती भरलेले हे विचारले नाही. पहिली चौकशी केली ती उपस्थितीची. एकोप्याने बसणे आणि एकोप्याने उठणे हा प्रश्न त्यानंतर आला.

पुढे काय घडले ते आचार्य बुद्धघोषांनी अट्ठकथेत सांगितले आहे. वज्जी लढाईने जिंकले जाणार नाहीत हे वस्सकाराने ओळखले. राजाने आपल्याला हाकलून दिल्याचे सोंग करून तो वैशालीत आला आणि लिच्छवींचा विश्वास संपादन करून राहिला. मग तो एखाद्या लिच्छवीला बाजूला घेई आणि हळूच विचारी, "शेत नांगरतात का?" तो म्हणे, "हो, दोन बैल जुंपून नांगरतात." संभाषण एवढेच. पण दुसरे विचारीत, "आचार्यांनी तुला काय सांगितले?" त्याने खरे ते सांगितले तरी कोणाचा विश्वास बसेना. असे करीत करीत तीन वर्षांत दोन लिच्छवी एका वाटेने चालेनासे झाले. मग सभेचा नगारा वाजविण्यात आला. लिच्छवी म्हणू लागले, जे धनी आहेत, जे शूर आहेत, त्यांनी जमावे. कोणीच जमले नाही. अजातशत्रू आल्याची वार्ता कळली, पुन्हा नगारा वाजला, पुन्हा तेच झाले. नगरीचे दरवाजे उघडेच होते. राजा आत आला.

वैशालीचा कोट कोणी पाडला नाही. ती पडली ती "दुसरे जातील" या एका विचाराने. आजच्या भाषेत यालाच आपण मतदारांची उदासीनता म्हणतो.

भिक्खू संघातील मत

काही सुशिक्षितांचा असा समज असतो की, मतदान ही इंग्रजांनी आणलेली वस्तू आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या समजाला उत्तर दिले होते. भिक्खू संघांना सभेच्या कामकाजाचे नियम, ठराव मांडण्याची रीत, गणपूर्ती आणि मतमोजणी हे सारे ठाऊक होते, असे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले.

विनयपिटकात याचा तपशील मिळतो. चुल्लवग्गात बहुमताने निर्णय घेण्याच्या रीतीला "येभुय्यसिका" म्हटले आहे. मतासाठी लाकडाच्या शलाका वाटल्या जात. त्या वाटणारा भिक्खू लोभ, द्वेष, मोह आणि भय यांनी डळमळणारा नसावा आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे त्याला नीट कळावे, अशी अट होती. हे म्हणजे आजच्या मतदान केंद्राध्यक्षाची पात्रताच होय.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम महावग्गात आहे. संघाचे कर्म चालू असताना एखादा भिक्खू आजारी असेल, तर त्याने आपली संमती, म्हणजेच आपला "छंद", दुसऱ्या भिक्खूबरोबर पाठवावा. ते जमत नसेल, तर त्याला मंचकावर किंवा पीठावर बसवून संघात आणावे. हलविल्याने त्याचा आजार बळावणार असेल किंवा जिवाला धोका असेल, तर संघाने त्याच्यापाशी जाऊन कर्म करावे. पण त्याला वगळून, अपुऱ्या संघाने ते करू नये.

एका आजारी भिक्खूचे मत मोलाचे मानून सारा संघ उठून त्याच्यापाशी जातो. आणि आपण धडधाकट असताना पाच मिनिटांच्या अंतरावरील शाळेत जात नाही! २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याची सोय देशभर करण्यात आली. शासकीय यंत्रणेने उचललेले हे पाऊल विनयाच्या त्या नियमाशी किती जुळते, हे पाहण्यासारखे आहे.

मताचा हक्क मागणारे बाबासाहेब

आज अठरा वर्षे पूर्ण झाली की कोणालाही मतदार यादीत नाव घालता येते. त्यामुळे हा हक्क पावसाच्या पाण्यासारखा आपोआप मिळाला असे तरुणांना वाटते. तसे ते नाही. १९१९ च्या कायद्याखाली मत कोणाला होते? ज्याच्याकडे मालमत्ता होती, जो सारा किंवा कर भरीत होता, त्याला. ज्याला गावात धड घर नव्हते, जमीन नव्हती, तो मतदार कसा होणार? १९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या वाढली, तरी ती सुमारे तीन कोटींच्या आसपासच राहिली.

२७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. त्या वेळी ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. प्रतिनिधित्वाचा आणि अधिकारपदाचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन मुख्य हक्क आहेत, असे त्यांनी मांडले. १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मतदानाची मागणी केली.

अडाणी माणसाला मत कशाला, असे तेव्हाचे शहाणे लोक विचारीत. बाबासाहेबांचा युक्तिवाद याच्या नेमका उलट होता. एकत्र जगण्याच्या अटी ठरविण्याचा अधिकार म्हणजे मत, असे ते मानीत. म्हणून ज्याची बाजू दुबळी आहे, ज्याच्यावर बलवान लोक आपल्या अटी लादू शकतात, त्याला मताची गरज सर्वांत अधिक असते. श्रीमंताजवळ मताखेरीज दहा मार्ग असतात. गरिबाजवळ हा एकच असतो. हा युक्तिवाद आपण पाठ करून ठेवावा.

संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला. प्रारंभी वयोमर्यादा एकवीस होती. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ती अठरा झाली आणि ही दुरुस्ती मार्च १९८९ पासून अमलात आली.

पराभव आणि पुन्हा मतदार

ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. यादीत सुमारे सतरा कोटी मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्ह असलेली वेगळी पेटी ठेवलेली असे. आपले नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असे सांगितल्यामुळे सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. स्वतःच्या नावाने उभे राहणे हीच मतदानाची पहिली पायरी होती, हे यावरून दिसते.

त्या निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबई मतदारसंघातून उभे होते. तेव्हा काही मतदारसंघांत दोन जागा असत, त्यांतील एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, पण ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. दोन्ही एकाच उमेदवाराला दिली तर त्यांतले एकच धरले जाई. हजारो मते वाया गेली. बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. त्यांनी व अशोक मेहता यांनी या निकालाविरुद्ध निवडणूक याचिकाही केली होती. १९५२ मध्येच ते राज्यसभेवर गेले आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा मतदारांपुढे उभे राहिले. तेथेही पराभव झाला. (दोन जागांच्या मतदारसंघांची ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.)

ज्याने मताचा हक्क मिळवून दिला, त्यालाच मतदारांनी दोनदा नाकारले. पण बाबासाहेबांनी मतपेटीवर रुसून घरी बसणे पत्करले नाही. "आमच्या नेत्यांचे गट पडले, आता मत देऊन काय उपयोग?" असे आपल्यातील पुष्कळजण म्हणतात, आणि त्यांची वेदना खोटी नाही. परंतु बाबासाहेबांना रुसण्याचे जेवढे कारण होते, तेवढे आपल्याला आहे काय?

आकडे काय सांगतात?

"मतदान घटत आहे" हे वाक्य सरसकट बोलले जाते. ते तपासून घ्यावे. इंग्लंडमध्ये १९५० साली सुमारे ८४ टक्के मतदान झाले होते, ते २०२४ मध्ये ६० टक्क्यांच्या आसपास आले. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. पहिल्या निवडणुकीत सुमारे ४५ टक्के, २००९ मध्ये सुमारे ५८ टक्के, २०१९ मध्ये ६७ टक्क्यांवर आणि २०२४ मध्ये जवळजवळ ६६ टक्के. म्हणजे सत्तर वर्षांत मतदान वाढले, आणि शेवटच्या टप्प्यावर थोडे घसरले. २०२४ मध्ये यादीत सुमारे ९७ कोटी नावे होती आणि मत दिले सुमारे ६४ कोटींनी. बाकीचे सुमारे तेहतीस कोटी आलेच नाहीत.

पण खरा धडा सरासरीत नसून तिच्या पोटात आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ६१ टक्के मतदान झाले. जंगलाचा, दुर्गम वाटांचा आणि नक्षलवादाच्या छायेतील गडचिरोली-चिमूर मतदारसंघ सुमारे ७२ टक्क्यांवर होता. दक्षिण मुंबई आणि कल्याण ५० टक्क्यांच्या आसपास होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेसाठी राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले, पण कुलाब्यात ते ४५ टक्क्यांच्याही खाली राहिले. सुट्टीला सुट्टी जोडून लोक गावाला जातात म्हणून निवडणूक आयोगाने ती तारीख मुद्दाम बुधवारी ठेवली होती, तरीही असे झाले. जेथे रस्ता नाही तेथे माणूस चालत येतो. जेथे उद्वाहन आहे तेथे तो खाली उतरत नाही.

आमचे कोरे बोट

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बँकेत नोकरीला असल्याने आम्हाला निवडणुकीच्या कामाचा आदेश येतो. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईच्या एका उपनगरातील शाळेत आम्ही मतदान अधिकारी क्रमांक दोन होतो. मतदाराच्या डाव्या तर्जनीला शाई लावणे आणि नोंदवहीत सही घेणे हे आमचे काम. त्या वर्षी मुंबईचे मतदान गुरुवारी, ३० एप्रिलला होते. पाठोपाठ महाराष्ट्र दिन, मग शनिवार-रविवार. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला जेमतेम पाच महिने झाले होते. मेणबत्त्या घेऊन हजारोंनी रस्त्यावर उतरलेले हे शहर त्या दिवशी मोठ्या संख्येने बाहेर पडेल असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात मुंबईत सुमारे ४१ टक्के मतदान झाले.

दुपारी काठी टेकत एक आजी आल्या. नाल्यालगतच्या वस्तीतल्या. शाई लावून घेताना म्हणाल्या, "मी दरवेळी येते बाबा. नाही आलं तर नाव काढून टाकतील." आम्ही त्यांना सांगितले की, मत दिले नाही म्हणून नाव कमी होत नाही. त्यांना ते पटलेले दिसले नाही.

सायंकाळी शेजारच्या अधिकाऱ्यापुढे यादीची चिन्हांकित प्रत उघडी होती. मत दिलेल्या प्रत्येकाच्या नावाच्या चौकटीवर रेघ मारलेली असते. वस्तीची पाने रेघांनी भरली होती. त्यापुढची पाने नव्या इमारतींची होती. तेथे चौकटीमागून चौकटी कोऱ्या होत्या, आणि त्या कोऱ्या चौकटींतली कितीतरी आडनावे आमच्याच समाजाची होती. ज्यांचे आईवडील चाळीतून आणि वस्तीतून रांगेला उभे राहत आले, त्यांची मुले शिकली, नोकरीला लागली, सदनिकेत आली आणि घरी बसली.

त्यांना दोष द्यावा, तर आमची स्थिती काय होती? कामावरील कर्मचाऱ्याला टपाली मतपत्रिकेसाठी नमुना १२ भरून द्यावा लागतो. प्रशिक्षणाच्या दिवशी तो आमच्या हाती दिला होता. उद्या भरू म्हणत आम्ही तो भरलाच नाही. दिवसभर शेकडो बोटांना शाई लावणारे आम्ही, स्वतः मत न देता घरी परतलो. हाताला डाग होते, पण ते कामाचे डाग होते. आईने विचारले, "तू कधी मत दिलंस?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

पुढे विचार केला तेव्हा वाटले की, त्या आजी कायद्याने चुकल्या असतील, पण मुद्द्याने बरोबर होत्या. यादीतले नाव कोणी काढत नाही. पण जे येत नाहीत त्यांना हळूहळू हिशेबातून वगळले जाते. ज्या वस्तीत मतदान होते तेथे नळाची चौकशी करायला माणूस येतो. जेथे होत नाही तेथे कोण कशाला येईल?

तीन सबबी आणि त्यांची उत्तरे

"एका मताने काय होते?" २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांच्या फरकाने जाहीर झाला. ४८ माणसे म्हणजे एका इमारतीतील मतदार! २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा विधानसभा मतदारसंघाचा निकाल केवळ एका मताने लागला.

"सगळे सारखेच आहेत." तसे वाटत असेल तर तेही नोंदविता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर यंत्रावर "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण आले. त्या मतांनी निवडणूक रद्द होत नाही, हे खरे. पण नाराजी मोजली जाते. घरी बसलेल्याची नाराजी आणि झोपलेल्याची झोप यांत यादीला फरक दिसत नाही.

"यादीत नावच नाही." ही सबब पुष्कळदा खरी असते. घर बदलते, बदली होते, लग्न होऊन मुलगी सासरी जाते आणि नाव जुन्या ठिकाणीच राहते. ओळखपत्र खिशात असून उपयोग नाही. नाव त्या केंद्राच्या यादीत असावे लागते. पण यावर उपाय आहे, आणि तो निवडणुकीच्या आदल्या दिवशी नव्हे, तर आज करायचा आहे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, दरवर्षी २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन असतो. त्या सुमारास प्रत्येक विहारात आपापल्या भागाची मतदार यादी वाचली जावी. ज्याचे नाव नसेल त्याने नमुना ६ भरावा. पत्ता बदलला असेल किंवा नोंदीत चूक असेल तर नमुना ८ भरावा. हे अर्ज आपल्या केंद्राच्या बीएलओकडे देता येतात. माहितीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

दुसरी गोष्ट, अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांनी नावनोंदणी लांबवू नये. २०२२ पासून वर्षातून चार अर्हता दिनांक धरले जातात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. दहावी-बारावीच्या गुणगौरवाला बोलावलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पुष्पगुच्छाबरोबर नमुना ६ ही द्यावा.

तिसरी गोष्ट, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ब कलमाने दिलेला हक्क आहे. दुकानात, कारखान्यात आणि रोजंदारीवर काम करणाऱ्या आपल्या बांधवांना तो सांगावा.

चौथी गोष्ट, त्या दिवशी प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने एका वृद्ध किंवा आजारी शेजाऱ्याची चौकशी करावी. त्यांना केंद्रापर्यंत जायला सोबत करावी. पण मत कोणाला द्या, हे मात्र सांगू नये. शलाका वाटणाऱ्या भिक्खूची पात्रता आपण वर वाचली आहे.

समारोप

२५ नोव्हेंबर १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात आपण प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला एक मूल्य हे तत्त्व मान्य करीत आहोत, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता कायम राहणार आहे आणि ही विसंगती लवकर दूर केली पाहिजे. ती अजून दूर झालेली नाही. पगारात, जमिनीत आणि प्रतिष्ठेत आपण सारखे नाही. वर्षानुवर्षांतून एकदा, शाळेच्या खोलीतील त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे मात्र कारखानदार आणि त्याच्या दारचा पहारेकरी यांचे वजन एकच असते. समतेची ही एवढी जागा हाती आली आहे. तीही आपण कोरी सोडायची काय?

वैशालीत नगारा वाजला तेव्हा लोक म्हणाले, धन्यांनी जमावे, शूरांनी जमावे. आज आमच्यातील शिकलेले म्हणतात, वस्तीतल्यांनी जावे, रिकाम्यांनी जावे. शब्द बदलले, पण दरवाजा तसाच उघडा आहे. आम्ही आमचा नमुना १२ त्यानंतर कधी चुकविला नाही. वाचकांनीही आपले नाव यादीत आहे की नाही, एवढे हा अंक मिटण्यापूर्वी पाहण्याचे ठरवावे, ही नम्र विनंती.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भगवंतांनी आनंदाला विचारलेला पहिला प्रश्न कोणता? तो पहिला का असावा?
२. आजारी भिक्खूच्या "छंदा"चा नियम सांगून त्याची आजच्या एखाद्या सोयीशी तुलना करा.
३. दुबळ्याला मताची गरज अधिक असते, असे बाबासाहेब का मानीत?
४. आपल्या घरातील किती सज्ञान व्यक्तींची नावे सध्याच्या पत्त्यावर यादीत आहेत? पाहून लिहा.

भवतु सब्ब मंगलम्! जयभीम!